काठावर बसून

रविवारी सकाळी टालकिर्खनला उतरायचं, इझार नदीवरच्या फ्लाउखरच्या पुलाखाली गोट्यांवर दोन-तीन तास बसायचं, सोबत दुर्बीण, थर्मास आणि आईने पाठवलेल्या चिवड्याचा डबा, हा माझा म्युनिकमधला नऊ वर्षांचा नेम. थंडीत पाय बधिर होतात तरी जातो. या रविवारी मात्र दुर्बीण गळ्यात नुसती लटकत राहिली, कारण सगळा वेळ फोनवर भांडण्यात गेला.

झालं असं की कॉलेजच्या ग्रुपवर एकाने बंडगार्डनजवळच्या नदीकाठाचा ड्रोनने काढलेला व्हिडिओ टाकला. बांधून काढलेला उतार, पायऱ्या, फरशीचा रस्ता, खाली धडाधड अंगठे आणि "आता पुणे पण फॉरेन". मी एवढंच विचारलं की काठ दिसला, पण खालून वाहतंय ते पाणी कुठलं, अजून सांडपाणीच ना? त्यावर माझा चांगला जवळचा मित्र लिहितो, "तू दर रविवारी नदीकाठचे फोटो टाकतोस, आम्ही नदीकाठी बसायचं नाही का? तिकडे काठावर बसून आम्हाला शहाणपण शिकवू नकोस."

लागलं मला ते.

अरे बसा की, कोण नको म्हणतंय! पण मी ज्या गोट्यांवर बसतो ते कुणी फरशीसारखे लावलेले नाहीत. इझार नदी इथल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकापासून सरळ करून भिंतीत कोंडली होती, आणि मग 2000 ते 2011 अशी अकरा वर्षं खपून आठ किलोमीटरमधलं ते काँक्रीट आणि दगडी बांधकाम काढलं, 50 मीटरचं पात्र जागा मिळेल तिथे 90 मीटरपर्यंत रुंद केलं आणि सुमारे साडेतीन कोटी युरो खर्च केले. म्हणजे नदीला जागा परत द्यायला पैसे मोजले. वरच्या गावांच्या सांडपाणी केंद्रांमध्ये जंतू मारायची वेगळी सोय केली, म्हणून उन्हाळ्यात पोरं बिनधास्त पाण्यात उतरतात. आणि आपण? मुळा-मुठेचा 44 किलोमीटरचा काठ बांधून काढायचा घाट घातलाय, 2022 च्या मार्चमध्ये त्यातल्या 9 किलोमीटरचं भूमिपूजन झालं, 1080 कोटींच्या वर खर्चाचं. ज्या पैशाने पाणी साफ व्हायचं तो जपानच्या कर्जाचा प्रकल्प, 11 सांडपाणी केंद्रांचा, मंजूर झाला होता त्याच्याही आधी, 2016 च्या जानेवारीत. आधी पाणी की आधी पायऱ्या, एवढंच विचारतोय मी. घरात आजारी माणूस असताना कोणी आधी दाराला रंग लावतं का?

यावर ग्रुपवर नेहमीचं उत्तर, म्युनिक पंधरा-सोळा लाखांचं गाव, पुण्याशी कसली तुलना करतोस, तिकडे पैसा आहे, शिस्त आहे. बरं, मान्य. पण काठ बांधून पात्र अरुंद करायला पण पैसा लागतोच ना? आणि इथे काय सगळे एका सुरात बोलत होते असं वाटतं का तुम्हाला, शहरातल्या शेवटच्या टप्प्यात नदी मोकळी हवी की रेखीव हवी यावर लोक खूप भांडले आणि मग मधला मार्ग निघाला. भांडायला माणूस तरी होता समोर. पुण्यात 2022 च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हातात, 2023 च्या एप्रिलमध्ये हजारो लोक या काठाच्या कामात तुटणाऱ्या झाडांसाठी रस्त्यावर आले, त्यांनी कोणत्या नगरसेवकाच्या दारात जायचं होतं? त्यांनाच हे आमचे ग्रुपवाले विकासविरोधी म्हणतात. माझ्या वर्गातल्या दोघी त्या मोर्चात होत्या, त्या ग्रुपवर आता काही लिहीत नाहीत.

मित्राचं एक म्हणणं मात्र मला खोडता आलं नाही. तो म्हणाला, माझ्या आईचे गुडघे गेलेत, डॉक्टर म्हणतात रोज अर्धा तास सपाटीवर चाला, आमच्या भागात फुटपाथवर गाड्या, खड्डे, मोकाट कुत्री, तू सांग तिने कुठे चालायचं. काकूंच्या हातचं मी चार वर्षं खाल्लंय. त्यांना चालायला सपाट रस्ता हवा हे शंभर टक्के खरं आहे. पण त्यासाठी नदीच्या पात्रात जावं लागावं, घरासमोरचा फुटपाथ कोणी धड करून देऊ नये, याचाच तर मला संताप येतो.

आणि पाणी पात्रात मावलं नाही की काय होतं ते आमच्या घराला ठाऊक आहे. आजी नारायण पेठेत राहायची, 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा ती कडेवर काकाला घेऊन पर्वतीच्या दिशेने पळाली होती, दर जुलैमध्ये ती गोष्ट सांगायची आणि भिंतीवर हात ठेवून दाखवायची, इथपर्यंत. आता आई-बाबा सिंहगड रोडला, एकतानगरीपासून जवळच. 25 जुलै 2024 ला बाबांचा फोन आला तेव्हा माझ्याकडे रात्रीचा दीड वाजला होता. खडकवासल्यातून पाणी सोडलंय, पार्किंगमध्ये आलंय, लाईट गेलेत, घाबरू नकोस, आणि फोन बंद. पहाटेपर्यंत मी बातम्यांमधले क्युसेकचे आकडे वाचत खुर्चीवर बसून होतो. इझारवर पण वरच्या अंगाला धरण आहे, सिल्व्हेनश्टाइनचं, 1959 पासूनचं. नदी फुगली की मी बसतो तो सगळा गोट्यांचा पट्टा पाण्याखाली जातो, आणि तो तेवढ्यासाठीच तसा ठेवलाय.

पुढचं मी ग्रुपवर लिहिलं नाही. पुण्यात चोवीस वर्षं राहिलो, पण मुठेच्या पाण्याला एकदाही हात लावला नाही. लकडी पुलावर नाकाला रुमाल लावायचो. गणपती झाले की आई निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी गाठ मारून द्यायची, मी स्कूटरवर मागे बसून, गाडी न थांबवता, कठड्यावरून भिरकावून द्यायचो, आणि पिशवी पाण्यात पडली की जलपर्णीवर अडकली हे वळून पण बघायचो नाही. शहराच्या मधोमध वाहत्या नदीत पाय सोडून बसता येतं हे मला चौतिसाव्या वर्षी परक्या देशात कळलं. त्या दिवशी खूप आनंद झाला होता आणि घरी येऊन रडलो होतो, ते का, हे तेव्हा नीट कळलं नव्हतं.

इथल्या नागरिकत्वाचा फॉर्म भरून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. जर्मनीला आता दोन पासपोर्ट चालतात, भारताला चालत नाहीत. तो फॉर्म दिला की इथल्या नदीबद्दल मत देता येईल, आणि तिथल्या नदीबद्दल बोलायचा उरलासुरला हक्क पण गेला असं ग्रुप म्हणेल. आत्ता तरी काय, भारतीय म्हणून मताचा हक्क आहे पण त्यासाठी पुण्यात जाऊन रांगेत उभं राहावं लागतं, नऊ वर्षांत एकदाही गेलो नाही. मित्र चुकीचं बोलला असं मी ग्रुपवर सतरा वेळा लिहिलं, पण काठावर बसतो हे तर खरंच आहे.

फोन खिशात टाकला तेव्हा समोर पांढरा धोबी पक्षी आला होता, शेपटी वरखाली करत, एका गोट्यावरून दुसऱ्या गोट्यावर. लहानपणी डिसेंबरमध्ये पर्वतीच्या पायथ्याला, शाळेच्या मैदानावर दिसायचा तसाच. इथले धोबी ऑक्टोबरमध्ये भूमध्य समुद्राकडे जातात, पुण्याला येणारे वेगळे, ते सायबेरिया-मध्य आशियाकडून उतरतात. हे मी पुस्तकात वाचलंय, पाठ आहे मला, तरी दर वेळी तो उडाला की तो कुठल्या दिशेने गेला ते बघतो.

संध्याकाळी बाबांना फोन केला, त्या वर्षी पार्किंगमध्ये पाणी नक्की कुठपर्यंत आलं होतं म्हणून विचारलं. ते म्हणाले, जिन्याजवळच्या खांबावर मी खडूने रेघ मारली होती, मग सोसायटीने रंग दिला तेव्हा ती पुसली, म्हणून आता खिळ्याने कोरून ठेवलीये, उद्या उजेडात फोटो काढून पाठवतो.