सिंहगडची बस आणि वेल्सचा शेर्पा

पावसाळा लागला की पुणे जिल्ह्यात धबधब्यांवर जमावबंदी लागते आणि घरोघरी दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, लोकांना अक्कल नाही, बंदीच हवी. दुसऱ्याचं म्हणणं, सह्याद्री काय सरकारच्या मालकीचा आहे? ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हापासून वादाला धार जास्तच आली आहे. त्यात परदेशस्थ मराठी माणसाचं ठरलेलं वाक्य पडतंच: ‘इथे बघा, लोकांना शिस्त किती!’

ब्रिटनमधल्या उत्तर वेल्सच्या डोंगरात चार दिवस गाडी फिरवली की हे वाक्य गिळावं लागतं.

तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचं इंग्रजी नाव स्नोडोनिया. २०२२ मध्ये उद्यानाच्या प्राधिकरणाने एररी हे मूळ वेल्श नाव वापरायचं ठरवलं. सर्वांत उंच शिखर अर विद्वा, १,०८५ मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा चांगलं साडेपाचशे मीटरने बुटकं, पण वर्षाला पाच-सहा लाख माणसं चढतात. चढाईच्या दोन प्रसिद्ध वाटा पेन-अ-पास या खिंडीतून सुटतात आणि तिथला वाहनतळ अगदी चिमुकला. सुट्टीच्या दिवशी लोकांनी गाड्या कुठे लावल्या असतील? जिथे आपण लावतो तिथेच, रस्त्याच्या कडेला. ल्हिन ओग्वेन तळ्याशेजारच्या ए-५ रस्त्यावर तर दुतर्फा इतक्या गाड्या लागल्या की रुग्णवाहिका जाणं मुश्कील झालं आणि पोलिसांना गाड्या उचलून न्याव्या लागल्या. शिस्त वगैरे रक्तात नसते.

उपाय त्यांनी केला तो गाडीवर. मोसमात पेन-अ-पासला गाडी लावायची तर जागा आधी ऑनलाइन राखावी लागते. बाकीच्यांनी गाडी खाली नान्ट पेरिसला सोडायची आणि ‘शेर्पार विद्वा’ बसने वर जायचं. या बसचे फाटे बेतुस-अ-कोइड, कार्नार्वन, पोर्थमाडोग अशा मुक्कामाच्या गावांपर्यंत पोचतात, त्यामुळे बरेच जण पायथ्यालाही गाडी नेत नाहीत. फसगत होते ती परतीला. शेवटची बस किती वाजता आहे ते सकाळीच पाहून ठेवायचं. ती चुकली तर काळोखात अरुंद रस्त्याने तीन-साडेतीन मैल उतरत यावं लागतं.

आता सिंहगड आठवा. मे २०२२ मध्ये खासगी गाड्या बंद करून पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या, ई-बस सुरू केल्या आणि पंधरा दिवसांत गुंडाळल्या. रांगा लागल्या, बस पुरेनात. कल्पना अचूक होती, पण सगळी गर्दी आधी पायथ्याला गोळा करायची आणि मग बसमध्ये कोंबायची, हे गणित जमणारं नव्हतं.

दुसरा वाद रस्तारुंदीचा. आपल्याकडे घाट म्हटलं की चौपदरी करा. वेल्समध्ये बाला गावाजवळचा ५४५ मीटर उंचीचा बुल्ख-अ-ग्रोस घाट आजही एका गाडीपुरता आहे. अशा रस्त्यावर ठरावीक अंतरावर बगल दिलेली असते, तिला पासिंग प्लेस म्हणतात. ती आपल्या डाव्या हाताला असेल तर आत शिरायचं. उजवीकडे असेल तर मात्र आपण आपल्याच बाजूला तिच्यासमोर थांबायचं आणि समोरच्याला आत जाऊ द्यायचं. नवखा नेमका उजवीकडे घुसतो आणि दोघेही अडकतात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट. बगलेत गाडी लावून फोटो काढू नयेत, कारण मागून मेंढ्यांचा ट्रेलर येत असतो. साइडपट्टी पावसाने भुसभुशीत झालेली असते, एक चाक उतरलं की रुतलंच. उतारावर आपल्या घाटातला नियम लागू: ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरा. पांढऱ्या गोलातली काळी तिरपी रेघ म्हणजे ताशी ६० मैलांची मुभा. ती मुभा आहे, आग्रह नव्हे.

आणि मेंढ्या. रस्त्यात आडवे लोखंडी दांडे बसवलेली जाळी ओलांडली की पुढे कुंपण नसतं. एप्रिल-मेमध्ये एका कडेला एकटं कोकरू दिसलं तर समोरच्या कडेला आई शोधायची. गाडीचा आवाज आला की कोकरू हमखास आईकडे पळतं, म्हणजे थेट चाकापुढे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये वेल्श सरकारने नवे मोठे रस्ते बांधण्याचे बहुतेक बेत रद्द केले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरपासून वस्तीतली वेगमर्यादा ३० मैलांवरून २० वर आणली, तेव्हा विरोधाच्या अर्जावर साडेचार लाखांहून जास्त सह्या पडल्या. खेड्यातल्या माणसाचा सवाल रास्त आहे: रस्ता देत नाही, मग बस तरी तासाला एक द्या. पर्यटकांच्या शेर्पाचं कौतुक करताना हे विसरू नये.

दक्षिणेला पेम्ब्रोकशरच्या किनाऱ्यावर, स्कोमर बेटावर पफिन हे समुद्रपक्षी पाहायला दिवसाला २५० माणसांनाच उतरू देतात. तिकीट आधीच काढावं लागतं, सोमवारी सहसा बंद. जुलै संपता संपता पफिन समुद्रावर निघून जातात, तेव्हा ऑगस्टचं तिकीट पफिनसाठी काढू नये. आपल्या कास पठारावरही दिवसाला तीन हजारांची मर्यादा घातली गेलीच की. म्हणजे हे आपल्याला सुचत नाही असं नाही.

बालाजवळचं ल्हिन केलिन हे तळं मात्र मराठी माणसाने थांबून पाहावं. लिव्हरपूलच्या पाण्यासाठी १९६५ मध्ये केपल केलिन हे वेल्शभाषक गाव त्याखाली गेलं. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही हे गाव बुडवणाऱ्या कायद्याच्या बाजूने मत दिलं नव्हतं. मुळशीचा जलाशय पाहताना सेनापती बापट आठवणाऱ्याला हे पाणी नुसतं ‘सीनरी’ वाटणार नाही.

राहता राहिला सिंहगड. ती बस पुन्हा सुरू करायची तर पायथ्यापासून नको, पुण्यातल्या स्वारगेटपासून हवी. गाड्यांना सरसकट बंदीही नको. वरच्या वाहनतळावर जितक्या गाड्या मावतात तितकीच आगाऊ तिकिटं द्यावीत आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ पुणे दरवाजापाशी मोठ्या अक्षरांत लिहावी.