‘कोल्हापुरी जीभ’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार साहेब,

फ्रेंच उच्चारांवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, “कोल्हापुरी जिभेला फ्रेंच झेपायचं नाही. देवनागरीत उच्चार लिहून देणं आधी बंद करा, पोरांना मूळ ध्वनी ऐकवा, आणि घरच्या भाषेचा परिणाम नीट मोजून मग लिहा.” मतभेदाबद्दल तक्रार नाही. पण ‘झेपायचं नाही’ हा कुठला तोरा?

जीभच काढलीत, तर ऐका. फ्रेंचमधले प, त, क हवेचा झोत न सोडता म्हणतात, आपल्यासारखेच. ‘त’ तर दातांना जीभ लावून, थेट आपलाच. ‘टेबल’ म्हणतं ते इंग्रजीतून आलेलं पोर. फ्रेंचांचं ते ‘ताब्ल’. ‘petit’ म्हणजे लहान, ते ‘पेटिट’ वाचणाऱ्याला मी सांगते, ‘पती’ म्हण. वर्ग खिदळतो, उच्चार मात्र जवळजवळ बिनचूक येतो. यात कोल्हापूर आडवं कुठं आलं? शेवटचं अक्षर दिसलं की म्हणायचंच, ही इंग्रजी वाचनाची सवय आडवी येते. घरी दखनी उर्दू बोलणाऱ्या पोरांना घशातला फ्रेंच ‘र’ लवकर सापडतो, कारण ‘ग़रीब’मधला ग़ त्यांच्याकडे आधीच असतो. मराठी घरातली पोरं तिथं जीभ फडफडवत बसतात, तेवढं खरं.

आणि मी कोण सांगणारी? निपाणीच्या कानडी घरातली, शाळा मराठी, कॉलेज कोल्हापुरात. माझ्याही शब्दांच्या शेपटीला उकार चिकटायचा, फ्रेंच ‘अवेक’चं (म्हणजे ‘सोबत’) ‘अवेकु’ व्हायचं. तो घालवला, डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेची बी-२ पातळी पास झाले. तोंडी परीक्षेत समोर बसलेल्या बाईंनी माझ्या जिभेचं गाव विचारलं नाही. ते तुम्हीच विचारलंत.

फ्रेंच ‘tu’ देवनागरीत ‘तू’ लिहिलं की त्यातला स्वर कळत नाही, हे मान्य. ओठ ‘ऊ’चे आणि जीभ ‘ई’ची, याला आपल्याकडे अक्षर नाही. पुढच्या लेखात त्यावर वेगळी खूण करीन. पण एका स्वरासाठी अख्खी लिपी टाकून द्यायची? नवख्या पोराला पहिल्या आठवड्यात हाताशी काहीतरी लागतं हो.

ऐकवण्याचं म्हणाल तर ऐकवतेच. मोजण्याचं म्हणाल तर हा लेख आहे, प्रबंध नव्हे.

आणि टोपणनावाआडून टोले मारण्यापेक्षा संध्याकाळी राजारामपुरीत वर्गावर या. तुमचा घशातला ‘र’ पोरांना ऐकवू.