२.११ हेक्टरांच्या वर काय?

‘२०२१ मध्ये जैवविविधता वारसास्थळ जाहीर झाल्याने आंबोलीचा शिस्टुरा हिरण्यकेशी हा मासा आता सुरक्षित आहे,’ हे त्याच्यावरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. संरक्षण मिळालं ते हिरण्यकेशी नदीच्या उगमावरच्या देवळाजवळच्या २.११ हेक्टरांना. तिथे गुहेतून येणारं पाणी मुरतं ते वरच्या जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, आणि जंगलात. तिकडे बांधकामं आणि बोअरवेल वाढत गेल्या तर खालचा वारसास्थळाचा फलक कोणाला वाचवणार?

आम्ही गडहिंग्लजकर, याच नदीचं पाणी पितो. महाशिवरात्रीला देवळात जातो तेव्हा कुंडाच्या खालच्या बाजूला साबण लावून पाय धुणारे हमखास दिसतात, निर्माल्यही तिथेच. हा मासा तळाच्या वाळू-खड्यांत राहणारा. गाळ आणि फेस आधी त्याच्याच वाट्याला! लेखात यावर एक ओळही नाही.