डाव्या पायाला खोटं ठरवण्याआधी

महिन्याभरात एकच मेसेज माझ्याकडे चार वेगवेगळ्या सायकल ग्रुपमधून आला. मजकूर साधारण असा: "पॉवर मीटर घ्यायचा तर दोन्ही बाजूंचाच. एका बाजूचा म्हणजे अर्धा अंदाज, अर्धी थाप. अचूकता एक टक्क्याच्या आतच हवी. पेडलवाला आपल्या रस्त्यांवर टिकत नाही, स्पायडरच घ्या. सगळे प्रो हेच वापरतात. आणि मीटर आला की हार्ट रेटचा पट्टा कपाटात टाका." खाली अंगठ्यांची रांग. (पॉवर मीटर म्हणजे पाय सायकलला किती वॉट शक्ती देतात ते मोजणारं यंत्र. ते पेडलमध्ये असतं, क्रँकवर म्हणजे पेडल ज्याला लागतं त्या दांड्यावर असतं, किंवा स्पायडरमध्ये म्हणजे क्रँक आणि चेनरिंग, म्हणजे पुढचं दातेरी चाक, यांना जोडणाऱ्या भागात असतं.)

मी गप्प बसलो असतो. पण परवा खडकवासल्याला भजी खाताना ग्रुपमधला एक नवा मुलगा म्हणाला, "दादा, दोन्ही बाजूंचा परवडत नाही, म्हणून मीटरचा विचारच सोडला." म्हणून हे लिहितोय.

आधी "अर्धी थाप" बघू. एका बाजूचा मीटर बहुतेक वेळा डाव्या क्रँकवर असतो. क्रँकला चिकटवलेले स्ट्रेन गेज पाय दाबल्यावर धातू किती वाकला ते मोजतात, त्यावरून टॉर्क म्हणजे फिरवणारा जोर निघतो, त्याला कॅडन्सची, म्हणजे मिनिटाला पेडल किती फेऱ्या मारतं त्याची जोड दिली की डाव्या पायाचे वॉट मिळतात. हा आकडा दुप्पट करून स्क्रीनवर येतो. उजवा पाय जास्त जोर लावत असेल तर चूक होणार, यात वाद नाही. किती होणार ते करून बघा. तुम्ही खरे २५० वॉट काढताय, त्यातले ४८ टक्के डाव्या पायाचे. म्हणजे डावा १२०, दुप्पट केले की २४०. दहा वॉट कमी.

आता हे दहा वॉट सरावाला कुठे नडतात? एफटीपीची, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल एवढ्या शक्तीची चाचणी तुम्ही याच मीटरवर दिलीत. २० मिनिटं जीव तोडून मारलीत, सरासरीचे ९५ टक्के धरलेत, त्यावरून सरावाच्या तीव्रतेचे झोन पाडलेत. चाचणीत मीटर जेवढा कमी दाखवत होता, तेवढाच मंगळवारच्या इंटरव्हलच्या सरावातही दाखवतोय. वाण्याचा तराजू रोज सारखाच चुकत असेल तर तुमचं वजन वाढलं की घटलं हे त्यावरही नीट कळतं.

"सगळे प्रो" हा शब्द तर पुराव्यासकट खोडता येतो. २०१५ ची टूर द फ्रान्स क्रिस फ्रूमने जिंकली, आणि त्याच्या सायकलवर स्टेजेस कंपनीचा मीटर होता, डाव्या क्रँकवरचा, एका बाजूचा. त्यावर लंबवर्तुळाकार चेनरिंग. त्या वर्षी डोपिंगच्या कुजबुजीला उत्तर म्हणून त्याच्या स्काय संघाने एका चढावरचे त्याचे आकडे जाहीर केले: सरासरी ४१४ वॉट. पण असल्या चेनरिंगमुळे मीटर सुमारे ६ टक्के जास्त दाखवतो, असं त्यांनीच सांगितलं आणि ती वजावट करून किलोमागे ५.७८ वॉट हा आकडा दिला. म्हणजे जगातल्या सर्वांत पैसेवाल्या संघांपैकी एक संघ एका बाजूचा, वर ६ टक्के चुकणारा मीटर घेऊन टूर जिंकत होता. चूक किती आणि कुठल्या दिशेला आहे हे त्यांना माहीत होतं, एवढंच.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्यांच्या बाजूने. डाव्या-उजव्याचं प्रमाण सगळ्यांचं कायम राहत नाही. काहींचं दमल्यावर बदलतं, काहींचं जोर वाढवल्यावर. एका पायाचं ऑपरेशन झालंय, गुडघा दुखून बरा होतोय, अशांनी दोन्ही बाजूंचाच घ्यावा. पण मग तो पेडलचा घ्यावा. स्पायडर दोन्ही पायांची मिळून एकूण शक्ती मोजतो. डावा-उजवा म्हणून जे आकडे तो देतो, ते क्रँकच्या फेरीचे दोन अर्धे करून काढलेले असतात. उजवा पाय खाली दाबत असताना डावा वर येताना ओझं होऊन बसलाय का, हे त्याला वेगळं कळत नाही. ज्या कारणासाठी जास्त पैसे मोजायला सांगताय, तेच काम स्पायडर नीट करत नाही.

आता एक टक्का. २०० वॉटवर एक टक्का म्हणजे २ वॉट, दोन टक्के म्हणजे ४. रात्री झोप नीट झाली नाही तर याहून जास्त फरक माझ्या पायातच पडतो. आणि डब्यावर छापलेला एक टक्का मीटर नीट बसवून, नीट झिरो करून, म्हणजे पेडलवर भार नसताना शून्य नोंदवून मिळतो. पेडलच्या मीटरला क्रँकची लांबी सांगावी लागते. क्रँक १७० मिलिमीटरचा आणि तुम्ही भरलंत १७२.५, तर आकडा जवळजवळ दीड टक्का फुगला. डब्यावरचा एक टक्का तिथेच संपला. आमच्या ग्रुपमध्ये दोघांचं असं निघालं. त्यातला एक तो मेसेज पुढे पाठवणारा होता, पण जाऊ दे.

झिरो करण्याचंही तेच. डिसेंबरात पहाटे साडेपाचला कोथरूडहून सिंहगडाला निघताना घरातली सायकल २२-२३ अंशांची असते आणि बाहेर १२. घरातच झिरो करून बाहेर पडलात की धातू थंड होत जातो आणि शून्य सरकतं. बऱ्याच मीटरमध्ये तापमानाची दुरुस्ती आपोआप होते, तरी मी सायकल दहा-पंधरा मिनिटं जिन्याखाली उभी करतो, चहा घेतो, मग झिरो करतो. याला पैसे पडत नाहीत.

मीटरवर विश्वास बसत नसेल तर सिंहगडावरच तपासा. चढ ६०० मीटर उंचीचा आणि रस्ता ९ किलोमीटरचा धरा. तुम्ही, सायकल, बाटल्या मिळून ८० किलो. ४५ मिनिटांत वर पोचलात तर नुसतं वजन उचलायलाच सुमारे १७५ वॉट लागले. टायरचं घर्षण, थोडी हवा आणि चेनमध्ये जाणारं मिळवलं की २००च्या आसपास. वारा नसलेल्या दिवशी तुमचा मीटर १९५ दाखवो की २०६, चालेल. १६० दाखवला तर काहीतरी बिघडलंय. हाच हिशोब सपाट रस्त्यावर करायला जाऊ नका. तिथे बहुतेक सगळी शक्ती वाऱ्याशी झुंजण्यात जाते आणि पुढच्याच्या मागे लपलात की गणित कोसळतं. मीटर नसताना अ‍ॅप जे अंदाजे वॉट दाखवतं ते चढावर बरं आणि सपाटीवर गमतीचं असतं, ते यामुळेच.

"पेडलवाला टिकत नाही" यात तथ्य एवढंच की पेडल जमिनीजवळ असतं, आणि सायकल आडवी पडली की पहिला मार त्यालाच. पण माझ्या पाहण्यात मीटर मेले ते खड्ड्यांनी कमी आणि धुण्याने जास्त. ताम्हिणीहून चिखल घेऊन आलं की लोक सायकल थेट गाडी धुण्याच्या प्रेशर गनखाली धरतात. मीटरवर लिहिलेलं पाणीरोधाचं मानांकन आयपी ६७ म्हणजे साचलेल्या पाण्यात एक मीटर खोल अर्धा तास बुडवलं तरी चालेल. जोराच्या फवाऱ्याची हमी त्यात नाही. माझा पहिला डावा क्रँक असाच गेला. बटणसेलच्या झाकणाचं रबर नीट बसलेलं नव्हतं, आणि फवारा मारणारा मीच होतो.

हार्ट रेटच्या पट्ट्याबद्दल थोडक्यात. मीटर सांगतो काम किती झालं, नाडी सांगते ते शरीराला किती महाग पडलं. एप्रिलमध्ये दहा वाजता कात्रजच्या जुन्या घाटात मी १८० वॉट काढतो तेव्हा नाडी थंडीतल्यापेक्षा १२-१५ ठोके वर असते. पट्टा कपाटात असता तर मी आकडा धरून चढत राहिलो असतो आणि दुपारी डोकं धरून झोपलो असतो.

या सगळ्या मेसेजमध्ये जो प्रश्न पहिला यायला हवा तो कुठेच नाही: तुमच्या सायकलला काय बसतं? पुण्यात बरेच लोक हायब्रिडवर, म्हणजे रोड बाइक आणि माउंटन बाइकच्या मधल्या सायकलवर सुरुवात करतात. त्यातल्या स्वस्त सायकलींना चौकोनी एक्सलचा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतात तो भाग असतो. त्यावर बाजारातले डाव्या क्रँकचे नेहमीचे मीटर बसत नाहीत, ते शिमानोच्या २४ मिलिमीटर किंवा स्रॅमच्या डब एक्सलसाठी असतात. स्पायडर घ्यायचा तर क्रँक आणि चेनरिंग दोन्ही जुळायला हवेत. अशा सायकलवाल्याला पेडलच सोयीचे. काढायचे, उद्या रोड बाइक घेतली की तिला लावायचे, घरात सायकल लावून चालवायच्या ट्रेनरवरही तेच. रोड बाइक आधीच आहे, शिमानो १०५ चा क्रँक आहे, एकच सायकल चालवायची आहे, तर त्याच मापाचा डावा क्रँक मीटरसकट घ्या आणि उरलेल्या पैशात चांगले टायर घ्या. भज्यावाल्या मुलाला मी हेच सांगितलं.

मेसेज पहिल्यांदा टाकणाऱ्या गृहस्थांनाही मी ग्रुपवर एवढंच विचारलं होतं, "साहेब, तुमच्या सायकलला बॉटम ब्रॅकेट कुठला आहे?" "बघून सांगतो," म्हणाले. त्याला आता अकरा दिवस झाले.