रेणूचा फोटो? जरा थांबा

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर असा: ‘२०१४ साली शास्त्रज्ञांनी अ‍ॅबेचा १८७३ चा नियम मोडला आणि नोबेल पटकावलं. आता जबरदस्त लेसर मारला की साध्या सूक्ष्मदर्शकातून एकेका रेणूचा फोटो निघतो.’ दोन वाक्यांत इतक्या चुका कोंबणं हीही कलाच म्हणायची.

आधी नियमाचं बघू. सूक्ष्मदर्शकातून किती बारीक दिसेल याला प्रकाशाच्या तरंगलांबीमुळे पडणारी ही मर्यादा, जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅबे यांनी मांडलेली. तो शाबूत आहे. दृश्य प्रकाशात सुमारे २०० नॅनोमीटरच्या आतले दोन ठिपके आजही एकमेकांत मिसळतात, आणि एक-दोन नॅनोमीटरचा रेणूसुद्धा तेवढाच जाड ठिपका होऊन उमटतो. नोबेलच्या तिघांपैकी एक, एरिक बेट्झिग यांनी २००६ साली युक्ती केली ती निराळीच: सगळे रेणू एकदम पेटूच (म्हणजे चमकूच) द्यायचे नाहीत. मोजकेच पेटवायचे, प्रत्येक ठिपक्याचा मध्य काढायचा, ते विझले की पुढचे, आणि शेवटी सगळे मध्य एका चित्रात मांडायचे. मध्य काढण्यातली चूक फोटॉनांच्या, म्हणजे टिपलेल्या प्रकाशकणांच्या, संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. दहा हजार फोटॉन हाती लागले तर जवळपास शंभरपट. नोबेलमधले तिसरे मानकरी हेल यांची वाट वेगळी, तिच्यात आत्ता शिरत नाही.

आणि फोटो म्हणाल, तर पडद्यावर दिसतात चार-पाच पिक्सेल रुंदीचे पांढुरके डाग. रेणूचा आकार त्यात शोधूनही सापडत नाही. मग तो एकटाच आहे हे कशावरून? तर विझण्याच्या तऱ्हेवरून. एकटा रेणू लुकलुकतो, आणि ब्लीच होतो, म्हणजे कायमचा विझतो, तेव्हा एका फटक्यात; उजेडाच्या आलेखात एकच पायरी. दोन असतील तर दोन पायऱ्या. हळूहळू मंदावत गेला तर समजावं, घोळका आहे. मी एकदा दिवसभर मन लावून एक डाग मोजत बसलो होतो. तो विझेचना. कव्हरस्लिपवरची, म्हणजे नमुन्याच्या पातळ काचेवरची, धूळ होती.

‘जबरदस्त लेसर’ तर उलट घात करतो. रेणू लवकर ब्लीच होतो, शिवाय काच, तेल, पाणी सगळंच उजळतं. खरी लढाई त्या फालतू उजेडाशी. म्हणून लेसर काचेवर इतका तिरपा सोडतात की काचेलगतचा जेमतेम १०० नॅनोमीटरचा थर उजळावा.

राहता राहिलं २०१४. ते बक्षिसाचं साल. नोबेलचे दुसरे मानकरी मोअर्नर आणि त्यांचे सहकारी काडोर यांनी एकट्या रेणूची खूण पकडली ती १९८९ मध्ये, आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत. तीही त्याने शोषलेल्या प्रकाशावरून. रेणूने स्वतः टाकलेला प्रकाश १९९० मध्ये बोर्दोला टिपला मिशेल ओरी आणि बर्नार यांनी, द्रव हेलियमच्या थंडीत ठेवलेल्या स्फटिकातल्या पेंटासीन नावाच्या रेणूवर. ही दोन नावं त्या मजकुरात नाहीत, आणि नोबेलच्या यादीतही नाहीत.