कालवा तीर्थरूपांचाच समजा

इंग्लंडच्या कालव्यावर सुट्टीत नॅरोबोट भाड्याने घेतलीत ना? मग बोटवाल्याने निघताना शिकवलेलं सगळं पहिल्या वळणावर विसरा. शिष्टाचार रिकामटेकड्यांसाठी असतो. तुम्ही ताशी चार मैलांच्या मर्यादेत निघालेले, म्हणजे भयंकर घाईतले.

समजा, तुम्हाला वर चढायचंय. त्यासाठी लॉक असतं, म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद, ज्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करतात. लॉकपाशी येऊन बघता तर ते काठोकाठ भरलेलं, आणि वरून एक बोट येतेय. बोटीच्या पुढे एक आजीबाई विंडलास हातात घेऊन चालतायत. विंडलास म्हणजे पाण्याच्या झडपा उघडायची ती वाकडी लोखंडी किल्ली. आजींनी तुम्हाला हातही केला. आता थोडं थांबलात, तर त्यांची बोट भरलेल्या लॉकमध्ये शिरेल, त्याच पाण्यावर खाली उतरेल आणि रिकामं लॉक तुमच्या पुढ्यात येईल. पण आयतं घेण्यात पुरुषार्थ तो कसला? आजींकडे पाठ करा, खालच्या झडपा धडाधड उघडा आणि सगळं पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत सोडून द्या. रुंद लॉक असेल तर साधारण सव्वादोन लाख लिटर. एरवी पैसा पाण्यासारखा उडवतोच की आपण. पाणी तरी पाण्यासारखं उडवायला नको? मग वळून म्हणा, ‘अरेच्चा, तुम्ही दिसलाच नाहीत!’

ग्रँड युनियन कालव्यावरची बरीचशी लॉक १४ फूट रुंद आणि नॅरोबोट सात फुटांच्या आतली. म्हणजे दोन बोटी शेजारी-शेजारी मावतात आणि तेवढ्याच पाण्यात दोघांचं काम होतं. अशा वेळी मागून कोणी येताना दिसलं की दार लोटायची घाई करा. कोणी विचारलंच, तर बोटीचा रंग खरवडेल म्हणा. भाड्याच्या बोटीच्या रंगाची इतकी काळजी तुम्ही पहिल्यांदाच करत असाल, पण ते असो.

फॉक्सटनला सलग १० लॉक आहेत, पाच-पाचच्या दोन जिन्यांत, आणि बाजूला पाणी साठवून पुन्हा वापरायची तळी. तिथे आधी लाल झडप, मग पांढरी, असा नियम आहे. तुम्हाला पांढरा आवडत असेल तर तसं करून बघा. पुराचं दृश्य फार छान दिसतं म्हणे.

पाणी येतं कुठून, या चौकशीत पडू नका. उगाच कळेल की कालव्याच्या सगळ्यात उंच टप्प्यातून दर खेपेला लॉकभर पाणी खाली जातं, आणि ते भरून काढायला वर जलाशय बांधावे लागतात. २०२५ मध्ये पाऊस रुसला, तर लीड्स-लिव्हरपूल कालव्यावरची विगन ते गारग्रेव्हमधली लॉक मे महिन्यातच बंद करावी लागली. यात वाईट काय? लॉकच बंद, म्हणजे कोणासाठी थांबायला नको.

शेवटचं. वर चढून झालं की दार सताड उघडं टाका. खालची झडपही पूर्ण बसली नसेल, राहू द्या दोन बोटं वर. पुन्हा उतरून कोण जातंय? खालची दारं तशीही ठिबकतातच. थोडं पुढे छान जागा बघून बोट बांधा आणि गाढ झोपा.

पहाटे चहाचा कप टेबलावरून आपोआप घसरेल. उठून बघाल तर बोट एका कुशीवर कललेली, खाली पाण्याऐवजी चिखल, आणि चिखलात कोणाची तरी गंजलेली सायकल. रात्रभर तुमच्याच उघड्या दारातून कालवा निघून गेलेला असेल. पुढच्या-मागच्या बोटींतून लोक डोळे चोळत बाहेर यायला लागतील. वेळ दवडू नका. सगळ्यांच्या आधी छतावर चढा आणि ओरडा, ‘लोकांना काही शिस्तच राहिलेली नाही!’