एएमएच वाढेपर्यंत थांबा म्हणे!

‘आयव्हीएफसोबत ॲक्युपंक्चर घ्या, यश ६५ टक्क्यांनी वाढतं’ हा फॉरवर्ड गेली कित्येक वर्षं फिरतोय. आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार, आणि ॲक्युपंक्चर म्हणजे अंगावर बारीक सुया टोचून घेणं. इतके दिवस मी तो न वाचताच डिलीट करायचे. आता तो माझ्या मावसबहिणीपर्यंत पोचलाय. तिचं वय ३९, आणि ठरलेली आयव्हीएफची सायकल, म्हणजे उपचाराची फेरी, पुढे ढकलू का, असं ती विचारतेय. त्यामुळे एकदाचं लिहूनच टाकते.

त्या फॉरवर्डमधलं सगळ्यात घातक वाक्य हे: ‘आधी तीन-चार महिने सुया घ्या, एएमएच वाढू द्या, मगच आयव्हीएफ करा.’ अहो, बाई जन्माला येते तीच आयुष्यभराची स्त्रीबीजं घेऊन. नंतर त्यांत भर पडत नाही. दर महिन्याला ती कमी होतात आणि चाळिशीजवळ त्यांचा दर्जाही भराभर उतरतो. एएमएच हे अंडाशयातल्या लहान फॉलिकल्समधून (स्त्रीबीज ज्यांत असतं त्या पिशव्यांमधून) येणारं हार्मोन, म्हणजे उरलेल्या साठ्याचा नुसता अंदाज. पेट्रोलचा काटा बोटाने वर सरकवला म्हणून टाकी भरत नाही. शिवाय हा आकडा लॅबगणिक आणि तपासणीगणिक थोडा इकडेतिकडे होतोच, त्यामुळे ‘माझा ०.८ चा १.१ झाला’ या अनुभवकथनांना काही अर्थ नाही. पंचविशीत चार महिने गेले तर फारसं बिघडत नाही. एकोणचाळिशीत बिघडतं, आणि ते महिने मेसेज पाठवणारे भरून देणार नाहीत.

आता ते ६५ टक्के. २००८ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात सात चाचण्यांचा, १,३६६ स्त्रियांचा एकत्रित आढावा आला. त्यात गर्भधारणेचा ऑड्स रेशो होता १.६५, म्हणजे गर्भ राहिलेल्या आणि न राहिलेल्या यांचं गुणोत्तर सुया घेणाऱ्यांत १.६५ पट. तो म्हणजे ६५ टक्के जास्त यश नव्हे! शंभरात २५ जणींना गर्भ राहत असेल, तर या हिशेबाने साधारण ३५ जणींना राहील. आणि जिथे मुळातच यशाचं प्रमाण चांगलं होतं, तिथे ठोस फायदा दिसला नाही, हेही त्याच आढाव्यात आहे. ते मात्र फॉरवर्डमधून गळलं.

पुढे २०१८ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधली मोठी चाचणी आली. ८४८ स्त्रिया, काहींना खऱ्या सुया, काहींना त्वचेत न शिरणाऱ्या खोट्या. मूल जन्माला येण्याचं प्रमाण खऱ्या सुयांत १८.३ टक्के, खोट्यांत १७.८. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. २००९ च्या हाँगकाँगमधल्या चाचणीत तर खोट्या सुयांच्या गटात गर्भधारणा जास्त झाल्या, ५५.१ विरुद्ध ४३.८ टक्के. मग खोट्या सुयांची जाहिरात का नाही करत कोणी?

‘हजारो वर्षांची सिद्ध पद्धत’ असेल, पण पहिलं आयव्हीएफ बाळ १९७८ चं. भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या आधी-नंतर सुया टोचण्याला हजारो वर्षं कुठून झाली?

‘दुष्परिणाम शून्य’ हे जवळपास खरं, मान्य. निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुया आणि शिकलेला हात असेल तर थोडं काळंनिळं होणं, कधी चक्कर, एवढंच. सोबत दिले जाणारे काढे आणि गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. सुया घेऊन काही जणींना शांत वाटतं हेही खरं. तेवढ्यासाठी घ्यायच्या तर जरूर घ्या, फक्त इंजेक्शनं आणि तारखा जिथल्या तिथे ठेवून.

शेवटचा मुद्दा माझं डोकं फिरवणारा: ‘ताण घेतला की भ्रूण रुजत नाही, सुयांनी ताण जातो.’ २०११ मध्ये बीएमजेमध्येच १४ अभ्यासांचा, ३,५८३ स्त्रियांचा आढावा आला होता. उपचाराआधीचा मानसिक ताण आणि त्या सायकलचा निकाल यांचा संबंध त्यात आढळला नाही. तेव्हा सायकल फसलेल्या बाईला ‘तूच फार विचार करत होतीस’ असं सुनावणाऱ्या काकू-मावश्यांनी आता तरी तोंड आवरावं.